भट्टीच्या चिमणीची ओ

यंदा पावसानं जाता जाता रस्ता नेला. काठाचा भराव खचला, वरचं डांबर खपलीसारखं निघालं आणि खालच्या गावाला जायला होडीशिवाय दुसरा मार्ग उरला नाही. लोकांची अडचण झाली की आमचं काम वाढतं, त्यात आमचा काय दोष? सकाळी दुधाचे कॅन, मग शाळेच्या बाई, मग ज्याला त्याला दवाखाना. आमच्या ह्यांचे खांदे संध्याकाळी हात ठेवता येऊ नये इतके तापलेले असायचे. मी तेल चोळायची आणि तोंडानं बडबड करायची. माझी बडबड ह्यांनी लग्न झाल्यापासून कधी मनावर घेतलेली नाही. त्यामुळे ह्यांना ऐकू येत नाही हे मला कळायला जरा उशीरच झाला.

कळलं ते असं. भरलेली कळशी माझ्या हातून निसटून फरशीवर आपटली. केवढा तो आवाज! आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय फोडलंस गं बाई?" आणि हे उंबऱ्यात पाठ करून दोर वळत बसलेले, ते तसेच वळत राहिले. मी मागे जाऊन उभी राहिले आणि चांगली मोठ्यानं म्हणाले, "तुमच्या बहिणीसारखी आगलावी बाई मी जन्मात पाहिली नाही."

बहिणीवर ह्यांचा जीव. एरवी एवढ्यावरून दोन दिवस अबोला धरला असता. हे दोराला पीळ देत बसले.

मी समोर जाऊन विचारलं, "कान दुखतोय का तुमचा?"

माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "पाणी गेलंय. निघेल."

संपलं. तो विषय त्यांनी तिथेच बुडवला आणि मीही वर काढला नाही. कसा काढणार? उन्हात नावाडी बहिरा असला तर बिघडत नाही, डोळे शाबूत असले की झालं. पण पाऊस संपला की आमच्या नदीवर सकाळचं धुकं उतरतं, आणि ते उतरलं की होडीच्या पुढच्या टोकापलीकडचं काही दिसत नाही. मग आमच्याकडे नदी कानानं कापतात. नावाडी मागे उभा राहून "होऽऽ" अशी हाक मारतो आणि काठावर जे काही उभं असेल ते ओ देतं. पंपघराचा पत्रा दोनदा ओ देतो, दुसऱ्यांदा थरथरत. कड्याची ओ उशिरा येते आणि लांबते, म्हाताऱ्या माणसानं कण्हत उठावं तशी. विटांच्या जुन्या भट्टीची चिमणी मात्र कानफटात मारावी तशी लगेच द्यायची. चिमणीची ओ आली की त्याच क्षणी उजवा काठ धरायचा. आधी वळलात तर गाळात रुतता, उशीर केलात तर पाण्याखालच्या खडकांवर होडी चिरते. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या बाबांनी, ह्यांना हे असं शिकवलं, आणि सासरे वारल्यापासून धुक्याच्या दिवशी पुढच्या टोकाशी बांबू घेऊन मी बसते. पाण्यात बांबू खुपसून तळ चाचपत राहायचं, हे माझं काम.

आणि नेमकी यंदा चिमणी पाडली. कुणा ठेकेदारानं भट्टीची जागा घेतली, त्याला विटा हव्या होत्या. माणसं आली, दोर लावले, एका दुपारी चिमणी आडवी झाली. सगळे नावाडी भांडायला गेले. तो म्हणाला, "धुक्यात कशाला जाता? ऊन पडल्यावर जा की." आता ह्याला काय सांगायचं! आमच्या शेजारचा नावाडी, ज्याला ओठांवर एक केस नाही म्हणून सगळे मिशा म्हणतात, तो परत येताना नदीत थुंकला आणि म्हणाला, यापुढे धुक्यात मी होडी सोडणार नाही, कुणी मेलं तरी.

"आईला सांगू नकोस," हे मला म्हणाले.

सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं घराबाहेर पडलेल्या नाहीत. पोरवयात त्या त्याच भट्टीवर डोक्यावरून विटा वाहायच्या, आणि विटा न्यायला येणाऱ्या होडीवर माझे सासरे. त्यांचं जमलं ते चिमणीच्या सावलीत. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मधूनच सुरू केली तरी शेवटपर्यंत सांगेन. म्हटलं, नाही सांगत. म्हातारीला कशाला घोर?

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंचं पोट दुखायला लागलं. रात्रभर कळवळल्या, उजाडता उजाडता हिरवं ओकल्या. पोट दगडासारखं झालेलं. गावातली नर्सबाई पळत आली, हात लावून बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"आतडं अडकलंय. दुपारच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे."

"नाहीतर?"

"नाहीतर काय, तूच समज."

बाहेर आले तर अंगण दिसत नव्हतं. दारातला पेरू दिसत नव्हता. मी चाचपडत मिशाचं दार गाठलं, हात जोडले. तो म्हणाला, "धुकं चढू दे, लगेच सोडतो."

"कधी चढेल?"

"ते धुक्याला विचार, वहिनी. चिमणी नसताना मी नाही जाणार. तूही नवऱ्याला जाऊ देऊ नकोस."

घरी आले तोवर ह्यांनी आईला उचललं होतं. गोधडीत गुंडाळून, लहान मूल घ्यावं तसं. सासूबाई एरवी केवढ्या तोंडाळ, पण लेकाच्या हातावर एवढ्याशा दिसत होत्या. मी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, "तुम्हाला जमेल का? खरं सांगा."

"बांबू घे," हे म्हणाले.

घाटाच्या पायऱ्यांवरून आम्ही उतरलो. सासूबाईंना मधल्या फळीवर निजवलं. हे मागे लांब वल्हं घेऊन उभे राहिले, मी पुढे. दोर सुटला आणि दहा हातांवरच्या पायऱ्या पुसल्या गेल्या. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. फक्त वल्ह्याची कुरकुर आणि सासूबाईंचं कण्हणं.

"होऽऽ," ह्यांनी हाक दिली.

पंपघराच्या पत्र्यानं दोनदा ओ दिली, डावीकडून. आणि होडी पंपघर टाळून बरोबर बाहेरच्या धारेला लागली. माझा जीव भांड्यात पडला. ऐकू येतंय की ह्यांना! उगीच मी घाबरले. पाणी गेलं असेल कानात, निघालं असेल. मी खुशीत मान न वळवताच म्हणाले, "अहो, आईंच्या पायांवरची गोधडी जरा सारखी करा."

काही नाही.

"अहो!"

काही नाही. मी गळा फाटेल एवढ्यानं ओरडले, "अहो, ऐकताय का?"

"कुणी मेलंय का एवढं ओरडायला?" सासूबाई कण्हत म्हणाल्या. "माझं पोट दुखतंय, कान नाही."

मागून एक अक्षर आलं नाही. वल्ह्याचा ठेका तसाच. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवला की येतो. माझा आवाज पाच हातांवरून ह्यांना ऐकू जात नव्हता, आणि काठावरच्या पत्र्याचा कसा गेला?

मी वळून बघितलं. धुक्यात ह्यांची नुसती आकृती, चेहरा नाही. हातानं खूण केली, पुढे बघ म्हणून. मी पुढे बघायला लागले. दुसरं करणार काय?

कड्याशी पुन्हा तेच. ह्यांनी हाक दिली, उशिरानं ती लांबलचक ओ आली, आणि होडी हवी तेवढीच सरकली. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. मला एकीकडे हायसं वाटत होतं आणि दुसरीकडे मागे वळायची हिंमत होत नव्हती. लग्नाचा नवरा, ज्याच्या खांद्यांना मी रोज तेल लावते, त्याची मला भीती वाटत होती. सासूबाईंचा श्वास आता वरवर चालला होता.

आणि मग चिमणीची जागा आली. जागा आली म्हणजे काय, दिसत तर काही नव्हतं, पण पाण्याचा वास बदलतो तिथे, गाळाचा येतो. मी बांबू उभा केला. तळ लागेना. मनात म्हटलं, आता हाक मारतील, ओ येणार नाही, कारण द्यायला तिथे कुणी नाही, आणि हा माणूस सरळ खडकांवर जाईल. मी ओरडून उपयोग नव्हता. उठून मागे जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं असतं.

"होऽऽ," ह्यांनी हाक दिली.

मी कान देऊन ऐकलं. काही नाही. धुकं नुसतं गप्प.

आणि होडी वळली. उजवीकडे, दचकल्यासारखी, एका दमात. मी फळी धरली. माझा बांबू डाव्या बाजूला खर्रकन खडकावर घासला, आणि पुन्हा घासला, आणि आम्ही खडकांच्या अंगाला अंग लावून खोल पाण्यातून निघून गेलो. ऊन असतं तरी याहून बरोबर कुणी वळवली नसती.

"छान दिली ओ आज चिमणीनं," सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते.

"काय ऐकलंत आई?"

"तू बहिरी झालीस का गं? फाडकन दिली की. तशीच देते ती."

मी बांबू घट्ट धरून बसले.

दवाखान्याच्या घाटाला लागलो तेव्हा वर सूर्याचा पांढरा ठिपका दिसायला लागला होता. हे आईला उचलून पायऱ्या चढले. डॉक्टरनं पोट दाबलं आणि लगेच आत नेलं. जरा उशीर झाला असता तर आतडं कुजलं असतं, असं नंतर म्हणाला.

आम्ही दोघं भिंतीशी बाकावर बसलो. समोर एक बाई फरशी पुसत होती. मी ह्यांचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवलं. त्या बाईनं बघितलं, बघू दे.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्या ओठांवरून ते ओळखलं. मग मान हलवली. "पाऊस लागल्यापासून पार गेलं. आधी थोडं यायचं."

"अहो, मग पंपघर? कडा?"

हे लाजले. खरंच सांगते, एवढा मोठा माणूस लाजला. "तू मान वळवतेस ना," म्हणाले. "ओ आली की जिकडून येते तिकडे तुझी मान वळते. जवळून आली तर झटकन, लांबून आली तर सावकाश. तुला नाही कळत. मी हाक मारतो आणि तुझ्या मानेकडे बघतो."

मला रडू आलं. नुसतं माझ्या पाठीकडे बघत बिचारा आईला धुक्यातून घेऊन आला, आणि मी मनात त्याला काय काय समजत होते! मी त्यांचा हात धरला. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. हात तसाच राहिला.

"आणि चिमणीपाशी?"

"तिथेही वळवलीस. उजवीकडे. एकदम झटकन."

"मी नाही वळवली."

"वळवलीस गं. उगीच का मी होडी घातली?"

मला काही ऐकू आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माझी मान माझ्या ताब्यात होती हे मात्र मला सांगता येईना.

सासूबाई वाचल्या. टाके सुकेपर्यंत त्यांना तिथेच ठेवलं. मी जवळ राहिले, हे ऊन पडल्यावर फेऱ्या करायचे आणि दुपारी डबा आणायचे. जरा बरं वाटायला लागल्यावर सासूबाईंनी शेजारच्या खाटांवरच्या बायकांना चिमणीची गोष्ट सुरू केली. त्या दिवशी धुक्यात तिनंच आम्हाला कसं वाचवलं, आमच्या वेळेपासून ती कशी ओ देते, सगळं. बायका डोळे मोठे करून ऐकायच्या. मी ऐकत बसायची आणि माझ्या मानेवर कुणीतरी बोट फिरवतंय असं वाटायचं. ही गोष्ट माझ्या एकटीच्या पोटात मावेना. शेवटी एका दुपारी मी बोलून गेले.

"आई, चिमणी नाहीये. पाडली तिला. तुमचं पोट दुखायच्या आधीच पाडली."

शेजारची बाई कूस बदलून आमच्याकडे बघायला लागली.

"मग ओ कुणी दिली?"

"मला काय माहीत?"

"सांगितलंस कशाला?" त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

घरी न्यायचा दिवस आला तेव्हा लख्ख ऊन होतं. मुद्दाम दुपारची वेळ धरली. परतीला प्रवाहाच्या उलट जायचं, त्याला पुढे बांबू रेटायला ताकद लागते, म्हणून पुढे हे आणि मागे वल्ह्यावर मी. सासूबाई मधे, माझ्या पायांशी, अजून माझ्यावर फुगलेल्या. अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब मागे पडले. त्यांच्यावर बसलेले पाणकावळे पंख वाळवत होते. मला वाटलं, आता तासाभरात घर, मग ह्या बाईला गरम पाण्यानं आंघोळ घालीन आणि समजूत काढीन.

दुपारचं धुकं आमच्या नदीवर कुणी पाहिलेलं नाही. सासऱ्यांनीही नाही, नाहीतर ते बोलले असते. समोरच्या वळणावरून ते आलं, पाण्याला चिकटून, घाई न करता. आधी काठावरचा बाभळीचा ठिपका गेला, मग काठ गेला. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग ह्यांचा चेहराही धुक्यात फिका झाला. थांबायचं म्हटलं तर बांबूला तळ नाही, आणि प्रवाह होडीचं तोंड फिरवायला लागलेला. मागे गेलो तरी खडक, पुढे चुकलो तरी खडक.

आता हाक मी मारायची होती. बायकांनी हाक मारल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही, पण कान माझे होते.

"होऽऽ," मी ओरडले. माझा आवाज चिरकला.

मागून पुलाच्या खांबांनी ओ दिली, पुसट. पुढून काही नाही.

गाळाचा वास आला. तीच जागा. येताना आता चिमणी डाव्या हाताला. वल्हं माझ्या तळहातात घसरत होतं. "होऽऽ!"

काही नाही. मी श्वास धरून ऐकलं. काही नाही.

"आई," मी खाली वाकले. "आई, ऐकू येतंय का काही? नीट ऐका हो. तुम्हाला त्या दिवशी आलं होतं."

"काय ऐकू येणार?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पाडलीय ना ती. तूच सांगितलंस."

मला हंबरडा फोडावासा वाटला. माझ्या तोंडानंच मी हे घालवलं होतं. दोन कान असलेल्या दोन बायका होडीत, आणि दोघींना काही ऐकू येत नव्हतं. पाणी फळीखाली गुरगुरायला लागलं, म्हणजे खडक जवळ आले. मी शेवटचं म्हणून पोटातून ओरडले, "होऽऽ!"

धुकं गप्प होतं.

पुढे हे बांबू धरून उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी बघत होते म्हणून सांगते. आधी ह्यांचे खांदे सैल झाले. मग ह्यांची मान डावीकडे वळली, झटकन, कुणी खूप जवळून हाक मारल्यासारखी. पावसाळ्यापासून माझ्या एकाही हाकेला ह्यांनी ओ दिली नव्हती.

"ओ," हे म्हणाले. लहान पोरगा घरातून हाक आल्यावर देतो तशी. "ओ बाबा. आलो."

सासूबाईंनी माझा पाय दोन्ही हातांनी धरला. ह्यांना थांबवायला हाक मारून उपयोग नव्हता, आणि वळायला दुसरी बाजू मला कुणी दाखवत नव्हतं. मी वल्हं दाबलं आणि होडी डावीकडे घातली.